बोअरच्या पाण्याचे डाग : पन्नास रुपयांत जातात, अ‍ॅसिडने वाढतात

2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे नळाच्या पाण्याने गाडी धुणार कोण? नांदेडला विष्णुपुरी धरणाचं पाणी आहे, पण तिथेही गाडीच्या वाट्याला बऱ्याचदा बोअरचंच येतं. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. 600 चं पाणी धरलं तर वीस लिटरच्या बादलीत 12 ग्रॅम क्षार. उन्हात पाणी उडून जातं आणि क्षार सायलेन्सरवर, लेगगार्डवर बसतो.

खर्च करण्याआधी डाग कशाचा ते बघा. डागावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक फसफसलं किंवा डाग मऊ पडला, तर क्षार. तांबूस असेल तर गंज. इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमवर खड्डे पडून पांढरी भुकटी धरली असेल, तर धातूच खाल्ला गेलाय. तो धुऊन परत येत नाही.

क्षारासाठी किराणा दुकानातली व्हिनेगरची बाटली पुरते, साधारण पन्नास-साठ रुपये. लिंबूसत त्याहून स्वस्त पडतं: लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. गाडी थंड हवी आणि सावलीत हवी. भिजवलेलं फडकं क्रोमवर पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, पुसा, भरपूर पाणी मारा, मग चमचाभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवा आणि कोरडं करा. अ‍ॅल्युमिनियमवर मिनिटभरच, तेही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघून. चेन आणि ब्रेकपासून व्हिनेगर, लिंबूसताचं पाणी लांब ठेवा. डिस्कला पॉलिश तर मुळीच नको. ब्रेक लागणार नाही.

काही ठिकाणी अ‍ॅसिड मारून गाडी ‘चकाचक’ करून देतात. बाथरूमच्या फरशीचं ते अ‍ॅसिड क्रोमचा पातळ थर खातं, खालच्या लोखंडापर्यंत पोचतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे पापुद्रे सुटतात. वॉशिंगचे शंभर-दीडशे देताना दोन गोष्टी विचारा: अ‍ॅसिड वापरता का, आणि शेवटी पुसून देता का. दुसऱ्याला ‘नाही’ असेल तर फडकं घेऊन स्वतः उभे राहा. लेगगार्डचं क्रोम सुटलंच असेल, तर पुन्हा क्रोम करायला टाकण्याआधी नव्याचा भाव काढा.

आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका, त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतो. शेवटचा हात पावसाच्या साठवलेल्या पाण्याने मारा. उन्हाळ्यात बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. फक्त क्रोमपुरतं असेल तर लिटरभरही उरतं.