हेड उघडल्यानंतर इंजिन चालू का होत नाही?

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव जोग नदीच्या मुखाशी वसले आहे. वादळी हवामानात हर्णै बंदरातील नौकाही येथील खाडीचा आश्रय घेतात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. या काळात इंजिनांची दुरुस्ती होते. सिलिंडरचे हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले जातात, गॅस्केट बदलले जाते. परंतु हंगामाच्या तोंडावर इंजिन चालूच झाले नाही, तर ऐन कमाईचे दिवस वाया जातात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन आतील हवा सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजेच पुरेसा दाब, हवारहित डिझेल आणि योग्य क्षणी फवारा या तीन गोष्टी आवश्यक होत. हेडच्या कामात यांपैकी कोणतीही बिघडू शकते. म्हणून जे भाग उघडले, त्यांचीच तपासणी प्रथम करावी.

इंजिन फिरवताना धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे. टाकीची चावी व इंजिन बंद करण्याचा दांडा पाहावा. नंतर प्रथम फिल्टरचा, मग पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो कातडीत शिरतो.

पांढरा धूर येऊनही इंजिन पेट घेत नसेल, तर दाब कमी असण्याचा संभव असतो. टॅपेटचे अंतर कमी राहिल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, माहितीपुस्तिकेतील मापानुसार, फीलर गेजने ते अंतर जुळवावे. पुशरॉड जागेवर बसले आहेत का, तेही पाहावे. दाब दिल्यावर हवेचा फुसकारा एअर फिल्टरकडे ऐकू आल्यास आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडे ऐकू आल्यास बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळत असतो. थंड करणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसल्यास गॅस्केटचा संशय घ्यावा. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळावयाचे असतात. टायमिंगचे दातेरी चक्र हलले असल्यास त्यावरील खुणा जुळवाव्यात.

इंजिन फिरतच नसेल, तर जोर लावू नये. पिस्टनवर पाणी साचले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे.

दुरुस्तीची नोंद वहीत ठेवावी आणि थंड करणाऱ्या पाण्याची सोय करून इंजिन किनाऱ्यावरच चालवून पाहावे. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असते. तेथे लाटांत इंजिन बंद पडणे खलाशांच्या जिवावर बेतू शकते. किनाऱ्यावर दिलेला एक तास हा धोका टाळू शकतो.