कॅल्क्युलेटर कोणता घेऊ?

नवीन एफ. ई. ची बॅच होस्टेलवर आली, की गादी, बादली आणि ड्राफ्टरच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. "दादा, कॅल्क्युलेटर कोणता घेऊ?" प्रत्येक खोलीत त्याला वेगळं उत्तर मिळतं. कुणी म्हणतं, ९९१ शिवाय इंजिनिअरिंग होतच नाही. कुणी म्हणतं, पहिलं वर्ष मागून भागव. बारावीपर्यंत आपण बोर्डाच्या लॉग टेबलवर जगलेलो, त्यामुळे त्या बिचाऱ्याला बटणंच माहीत नसतात. शेवटी दुकानदार हातात देईल ते तो घेऊन येतो. घरून मोजून पैसे येणाऱ्याला ही चैन परवडत नाही, म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, व्याकरणाकडे जरा कानाडोळा करा!)

आधी एक गंमत. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या पेपरवर सुरुवातीला ज्या सूचना असतात, त्या कुणी वाचत नाही. त्यात लॉग टेबल, स्टीम टेबल आणि पॉकेट कॅल्क्युलेटरच्या जोडीला स्लाइड रूलसुद्धा वापरायला परवानगी असते! स्लाइड रूल म्हणजे सरकत्या पट्ट्यांची मोजपट्टी, पूर्वीचे इंजिनिअर तिच्यावर गुणाकार-भागाकार करायचे. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढला आणि काही वर्षांतच त्या पट्ट्या कपाटात गेल्या. एचपी-३५ ची किंमत होती ३९५ डॉलर. तेव्हा आपण पाचशे-हजाराचा विचार करतोय, हे नशीबच म्हणायचं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे घेतले जाणारे बहुतेक कॅल्क्युलेटर कॅसिओचे. एफएक्स-८२एमएस सगळ्यात स्वस्त, साधारण पाच-सहाशेचा. त्याच्या वर १००एमएस, मग ९९१एमएस हजाराच्या मागेपुढे, आणि त्यापुढे ९९१ईएस प्लस आणि ९९१सीडब्ल्यू. भाव दुकानागणिक बदलतात. खोक्यावर अमुक इतकी फंक्शन्स असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्याला भुलू नका. चार वर्षांत त्यातली तीस-चाळीस वापरली तरी खूप झालं.

खरा फरक एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर. १००एमएसपासून पुढे कॉम्प्लेक्स मोड आहे, ८२एमएसला नाही. बेसिक इलेक्ट्रिकल पहिल्या वर्षाला सगळ्यांच्याच बोकांडी असतं, त्यातलं ए. सी. सर्किटचं गणित बघा. दोन इम्पीडन्स पॅरलल आहेत, एक ३+जे४ आणि दुसरा ८−जे६. गुणाकार भागिले बेरीज. कॉम्प्लेक्स मोडमध्ये हे जसंच्या तसं एका ओळीत टाकायचं, उत्तर ४+जे२. एमएसवर आधी फक्त ४ दिसतो, शिफ्ट आणि = दाबलं की जे२ दिसतो. पहिल्यांदा सगळेच घाबरतात की अर्धं उत्तर गेलं कुठे!

८२एमएसवाल्याने काय करायचं? त्यानेही रडायचं कारण नाही. त्याच्यात पोल आणि रेक अशी दोन फंक्शन्स आहेत. पोलमध्ये ३ आणि ४ टाकले की ५ मिळतो, आणि ई व एफ या मेमरीत ५ आणि ५३.१३ अंश जाऊन बसतात. दुसऱ्याचे १० आणि −३६.८७. गुणाकारात आकडे गुणायचे, कोन मिळवायचे: ५० आणि १६.२६. बेरीज ११−जे२, तिचे ११.१८ आणि −१०.३०. भागाकारात कोन वजा करायचे, म्हणजे ४.४७ आणि साधारण २६.५७ अंश. रेकने परत आणलं की तेच ४+जे२. वेळ तिप्पट लागतो, पण जमतं. शिवाय पेपरात स्टेप्सला मार्क असतात, त्या इथे आपोआप लिहिल्या जातात.

म्हणून माझं मत असं. इलेक्ट्रिकल, ईअँडटीसी, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी आधी आणखी चार-पाचशे घालून सरळ ९९१एमएस घ्यावा, कारण हे गणित त्यांचा शेवटच्या सेमपर्यंत पिच्छा सोडत नाही. १००एमएस मिळाला तरी चालेल, त्याच्यात मॅट्रिक्स आणि व्हेक्टर तेवढे नाहीत. सिव्हिलवाल्यांना ८२एमएस पुरतो. सर्व्हेसाठी अंश-मिनिट-सेकंदाचं बटण त्याच्यात आहे, रिग्रेशनही आहे. मेकॅनिकलचं तसंच, स्टीम टेबलचं इंटरपोलेशन साध्या वजाबाकी-भागाकारानेच होतं. कॉम्प्युटरवाल्यांना बायनरी-हेक्सचा मोड ८२ मध्ये मिळणार नाही, पण ती कन्व्हर्जन्स तशीही हाताने करून दाखवावी लागतात. ईएस प्लसमध्ये अपूर्णांक आणि वर्गमूळ पुस्तकात दिसतात तसे दिसतात, हे मात्र खरंच सुखाचं आहे. परवडत असेल तर घ्या, पण त्यासाठी मेसचं बिल थकवू नका.

स्वस्तातल्या कॅल्क्युलेटरचं एक बटण फार कमी मुलं वापरतात, ते म्हणजे आन्स. रेडियन मोड लावा, १ दाबून = करा. मग कॉस आन्स टाका आणि नुसतं = = = दाबत राहा. आकडा इकडेतिकडे हलत हलत ०.७३९०८५ वर येऊन थांबतो. म्हणजे ज्या एक्सचा कॉस स्वतः एक्सच आहे, तो सापडला. एम-थ्रीच्या न्यूमेरिकल मेथडमधलं इटरेशन याहून वेगळं काय असतं? न्यूटन-रॅफसनचं सूत्र एक्सच्या जागी आन्स घालून एकदाच टाइप करायचं आणि येणारे आकडे तक्त्यात उतरवायचे. ९९१ चं सॉल्व्ह एकदम शेवटचं उत्तर देतं, मधले आकडे देत नाही, आणि मार्क मधल्या आकड्यांना असतात.

मार्क जातात ते कॅल्क्युलेटर स्वस्त असल्यामुळे क्वचितच, मोड आणि कंसामुळे जास्त. पेपर हातात यायच्या आधी साइन ३० काढून बघायचं. ०.५ आलं तर डिग्रीत आहात, −०.९८८ आलं तर रेडियनमध्ये. कपॅसिटरचा रिअॅक्टन्स काढताना १ भागिले २ पाय एफ सी असं सलग टाकलं आणि मध्ये गुणाकाराची चिन्हं दिली, तर फक्त २ ने भाग जातो आणि बाकी सगळं वर गुणलं जातं. खालच्या सगळ्याला कंस घाला. उणे ५ चा वर्गसुद्धा कंसाशिवाय टाकला तर उणे २५ येतो.

घेताना नकली मालापासून सांभाळा. आमच्या विंगमधल्या एकाने स्टेशनजवळच्या फूटपाथवरून 'कॅसिओ' निम्म्या भावात आणला. दुसऱ्या इन-सेमला त्याचं = चं बटण आतच बसलं. हॉलमध्ये दुसऱ्याचा घेता येत नाही, त्यामुळे उरलेला पाऊण तास तो हाताने भागाकार करत होता. दुकानातच एक छोटी टेस्ट करा. पाय वजा ३.१४१५९२६५४. पडद्यावर दहा अंक दिसत असले तरी चांगला कॅल्क्युलेटर आत जास्त अंक धरून ठेवतो, म्हणून उत्तर एक अगदी छोटा उणे आकडा येतो, ४.१ गुणिले १० चा उणे दहावा घात. सरळ शून्य आलं तर आत काहीच शिल्लक नाही. ही टेस्ट पास झाला म्हणजे अस्सलच असं नाही, पण नापास झालेला तरी घेऊ नका. आणि पक्कं बिल मागा.

स्टाफला एक विनंती आहे. काही सुपरवायझर ९९१ बघून "हा प्रोग्रामेबल आहे" म्हणून बाजूला ठेवायला लावतात. या मॉडेलमध्ये प्रोग्राम साठवताच येत नाही, ए, बी, सी ही नुसती आकड्यांची मेमरी आहे. शंका असेल तर एमएसवर शिफ्ट, सीएलआर, ३, = करायला सांगावं, सगळं पुसलं जातं. सीडब्ल्यूचं मात्र आधीच विचारून ठेवलेलं बरं, त्याच्यात क्यूआर कोड वगैरे आहे. चालणाऱ्या मॉडेल्सची यादी अॅडमिशनच्या कागदांबरोबरच दिली, तर पालकांचे पैसे एकदाच जातील.

गेट देणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा माउसने चालवायचा, आणि त्याच्यात ना कॉम्प्लेक्स ना मॅट्रिक्स. तेव्हा वरची ८२एमएसची पोलर पद्धत ९९१ वाल्यांनीही हातात ठेवा.

आणि सेकंड हँड? जरूर घ्या. बी. ई. ची मुलं जूनमध्ये खोल्या सोडतात, तेव्हा निम्म्या किमतीत मिळून जातो. सगळीकडे ८ भरून पडद्याच्या रेघा बघायच्या, प्रत्येक बटण दाबायचं, मागचं झाकण उघडून सेल गळलाय का ते बघायचं. ९९१एमएसला वर सोलर पट्टी असते तरी आत एलआर४४ बटन सेल असतो. तो संपला की कॅल्क्युलेटर ट्यूबलाइटखाली चालतो आणि अंधाऱ्या बाकावर बंद पडतो. तेव्हा सप्लीच्या आधी नवा टाकून घ्या.