अहिफेनवर्गीय द्रव्यांचे व्यसन : आत्ययिक चिकित्सेतूनच व्यसनमुक्तीचा आरंभ

प्रस्तावना
२०२४ साली कुपवाड येथे पोलिसांनी मेफेड्रोनचा साठा जप्त केला, तेव्हापासून सांगली जिल्ह्यात अमली पदार्थांविषयी चिंता वाढली आहे. मेफेड्रोन हे उत्तेजक द्रव्य असून त्याची चिकित्सा निराळी आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अफू व तत्सम द्रव्यांचा, म्हणजे गर्द, ट्रॅमॅडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांचा विचार करीत आहोत. केंद्र शासनाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ७७ लाख व्यक्तींना अशा व्यसनासाठी साहाय्याची गरज आहे.

कुंडलसारख्या गावी असा रुग्ण रात्री-अपरात्री प्रथम येतो तो जवळच्या वैद्याकडे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरही आयुर्वेद पदवीधर सेवा बजावतात. म्हणून हा विषय आपल्या नित्य व्यवहारातला आहे.

दोन अवस्था
अतिमात्रेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, संज्ञा हरपते. ही प्राणघातक अवस्था होय. द्रव्य न मिळाल्यास याउलट चित्र दिसते : जांभया, नाक-डोळ्यांतून स्राव, रोमांच, अतिसार, अस्थिशूल, अनिद्रा व विस्फारित बाहुली.

शास्त्रदृष्टी
अहिफेन बृहत्त्रयीत आढळत नाही; ते पुढे शार्ङ्गधरसंहिता व भावप्रकाशात येते आणि उपविषांत गणले जाते. तथापि चरकाचार्यांचे तीन विचार येथे मार्गदर्शक ठरतात. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा उपदेश आहे. मदात्यय-चिकित्सेत योग्य मात्रेतील मद्यच मद्यविकारावर योजिले आहे. मद्य सोडल्यानंतर एकाएकी अतिपान करणाऱ्यास होणारे ध्वंसक व विक्षय हे कष्टसाध्य विकारही तेथेच वर्णिले आहेत. हा तिसरा विचार आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. काही दिवस अफूवर्गीय द्रव्य बंद राहिले की शरीराचे सात्म्य ओसरते. मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. केवळ आठवडाभर द्रव्य तोडून रुग्णास घरी पाठविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आधुनिक अनुभव
नॅलॉक्सोनच्या सूचिवेधाने श्वास परततो. पण त्याचा प्रभाव सुमारे ३० ते ९० मिनिटेच टिकतो व व्यसन तसेच राहते. येल विद्यापीठाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्ययिक विभागात आलेल्या ३२९ व्यसनी रुग्णांचे तीन गट केले होते. तिसाव्या दिवशी व्यसनोपचार घेत असलेल्यांचे प्रमाण असे होते : केवळ पत्ता देऊन पाठविलेले ३७ टक्के, समुपदेशन करून जोडून दिलेले ४५ टक्के व तेथेच ब्यूप्रेनॉर्फिन सुरू केलेले ७८ टक्के. हे औषध त्याच ग्राहकस्थानी अल्प प्रभावाने कार्य करते व ओढ शमविते. मात्र वियोगलक्षणे स्पष्ट दिसू लागल्यावरच ते द्यावे लागते. घाई केल्यास ती लक्षणे एकदम उसळतात.

वैद्याचे कर्तव्य
१. श्वास मंद असल्यास तत्काळ १०८ ला कळवावे, कृत्रिम श्वास द्यावा. श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर ठेवावे.
२. शुद्धीवर येताच घरी सोडू नये. परिणाम पुन्हा उलटू शकतो.
३. अतिसार पाहून कर्पूररस वा अहिफेनासव देऊ नये. दोहोंत अहिफेन आहे.
४. ब्यूप्रेनॉर्फिन नियंत्रित औषध असल्याने ते अधिकृत केंद्रातूनच सुरू व्हावे. रुग्णास चिठ्ठी न देता मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाशी स्वतः बोलून, नातलगासह त्याच दिवशी पाठवावे. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी उपलब्ध आहे.
५. परतल्यावर अग्नि, निद्रा, बल यांची चिकित्सा व सत्त्वावजय आपण करावा. सुरू असलेले औषध मात्र आपल्या मताने बंद करू नये.

समारोप
पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगणची स्थापना केली, ती गर्दच्या वाढत्या विळख्यामुळेच. व्यसनी मनुष्य हा रुग्ण आहे, ही दृष्टी तेथून महाराष्ट्रात रुजली. असा रुग्ण मृत्यूच्या दारातून परततो, त्या घटकेस तो व त्याचे कुटुंब उपचारास सर्वाधिक अनुकूल असतात. ती घटका वाया जाऊ न देणे हेच आपले वैद्यकर्म होय.