मोटारींतील फ्यूज

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं आंबा घाट चढत असतां आमच्या मोटारीचे वायपर एकाएकीं थांबले. समोरची कांच पाण्यानें भरून गेली, पलीकडे दरी, आणि आंत जळकट वास. गाडी डोंगराच्या बाजूस घेऊन आम्हीं फ्यूजची पेटी उघडली, तों फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून बसविलेला! पूर्वीं कोणा कारागिरानें वेळ मारून नेण्यासाठीं केलेली ही युक्ति आम्हांस ठाऊकच नव्हती. वायपरचा सांधा अडकला, मोटर अधिक वीज ओढूं लागली. कागद वितळला नाहीं, तारेचें आवरण मात्र जळलें. पाऊस ओसरेपर्यंत दोन तास आम्ही तेथेंच बसून होतों.

इंग्रजींत फ्यूज या शब्दाचा एक अर्थच वितळणें असा आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं आंतील बारीक पट्टी वितळते, वाट तुटते, आणि तार वांचते. ही मर्यादा अँपियरांत असते. वॅटांस व्होल्टांनीं भागावें: ५५ वॅटचा दिवा १२ व्होल्टांवर सुमारें ४·६ अँपियर घेतो. पुष्कळ गाड्यांत पुढील प्रत्येक दिव्यास १० अँपियरचा वेगळा फ्यूज असतो, तो एवढ्यासाठीं कीं एक गेला तरी दुसरा जळत राहावा.

सध्यां प्रचारांत असलेल्या चपट्या फ्यूजांचा रंगच त्यांची मर्यादा सांगतो. ५ फिकट तपकिरी, ७·५ तपकिरी, १० तांबडा, १५ निळा, २० पिवळा, २५ रंगहीन, ३० हिरवा. आंकडा माथ्यावर छापलेलाही असतो.

पेटी बहुधा चालकाच्या गुडघ्यापाशीं असते, दुसरी इंजिनाजवळ. कोणता फ्यूज कशाचा, हें झांकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेंत सांपडतें. एकच दिवा विझला असेल तर आधीं त्याचा बल्ब पाहावा. नंतर गाडी बंद करून किल्ली काढावी, प्लॅस्टिकच्या चिमट्यानें फ्यूज सरळ उपसावा, आणि उजेडापुढें धरावा. पट्टी तुटलेली दिसली कीं तो गेला. नजरेनें ठरत नसेल तर फ्यूज जागेवर ठेवूनच परीक्षा होते. त्याच्या माथ्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पची पकड गाडीच्या लोखंडी अंगास लावून, तें उपकरण चालू करून, टोक दोन्ही ठिपक्यांस टेकवावें. दोहोंवर दिवा लागला तर फ्यूज शाबूत. एकावरच लागला तर गेलेला. एकावरही न लागला तर वीज तेथवर पोंचतच नाहीं.

नवा फ्यूज त्याच आंकड्याचा हवा. १५ च्या जागीं ३० बसविणें म्हणजे आमचा चंदेरी कागदच, केवळ रंग हिरवा! नवाही लगेच गेला तर दोष अन्यत्र आहे: तार घासली असेल, उंदरानें कुरतडली असेल, किंवा मोटर अडकली असेल. अशा वेळीं तिसरा फ्यूज घालूं नये, कारागिरास बोलवावें. बॅटरीजवळ बोल्टांनीं आवळलेले मोठे फ्यूज, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी तारा, यांस विद्यार्थ्यांनीं मुळींच हात लावूं नये.

आमच्या गाडींतून निघालेली ती जळकी तार पदार्थविज्ञानाच्या कपाटांत ठेविली आहे. इच्छा असेल त्यानें मधल्या सुटींत येऊन पाहावी.