मांदेलीचा वाटा कुणाचा?



आगोटीची खरेदी आता सुरू झाली असेल. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्याआधी तांदूळ, कांदे, मसाला यांच्या जोडीला सुके बोंबील, जवळा, सोडे आणि मांदेली डब्यात भरून ठेवायची आपली जुनीच रीत आहे. या महिन्याचा आहार-पाठ त्यातल्या मांदेलीवर आहे. मासळी लहान, स्वस्त, रोजच्या ओळखीची. म्हणूनच तिच्याकडे आपलं नीट लक्ष जात नाही.

पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. घरात मांदेलीचं कालवण झालं, की मांदेली कुणाच्या ताटात जाते आणि नुसता रस्सा कुणाच्या?

मांदेली आणि डब्यातली तिची बहीण

मोठ्या शहरांतल्या दुकानात ‘अँकोव्ही’ नावाची मासळी छोट्या चपट्या डब्यात, तेलात बुडवलेली मिळते. भाव ऐकला तर हात मागे जातो. पण ही अँकोव्ही आणि आपली मांदेली एकाच कुळातल्या आहेत. मांदेली आपल्याकडे डोल जाळ्यात बोंबील आणि जवळ्याबरोबर येते, अँकोव्ही युरोपच्या समुद्रात सापडते, एवढाच फरक.

त्या डब्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्पेन देशाच्या उत्तर किनाऱ्यावर सांतोन्या नावाचं बंदराचं गाव या मासळीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मासळीचं डोकं आणि पोट काढतात, पिंपात एक थर मासळी, एक थर मीठ असं रचतात, वर वजन ठेवतात आणि कित्येक महिने तसंच मुरू देतात. मग धुऊन, साल काढून, मधला काटा सोडवून, एकेक पट्टी हाताने डब्यात लावतात आणि वर तेल ओततात. हे हाताचं बारीक काम तिथे मुख्यतः बायकाच करतात. मासळी साफ करायला बसलेल्या बायका इथे आणि तिथे सारख्याच!

ती मासळी तिथे ताटभर कुणी खात नाही. इटलीत गरम तेलात लसणीबरोबर दोन-तीन पट्ट्या टाकतात, त्या विरघळतात आणि सगळ्या पदार्थाला चव येते. आपण दुधीत किंवा वांग्यात मूठभर जवळा टाकतो, तसंच. ज्या गटांचं पर्यटकांसाठी जेवण किंवा न्याहारीचं काम आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. वूस्टरशायर सॉस नावाच्या बाटलीतही सहसा हीच मासळी असते. शाकाहारी पाहुण्यांसाठी ती बाटली वापरण्याआधी लेबल वाचा.

आकडे काय सांगतात

तेल निथळलेल्या डब्यातल्या १०० ग्रॅम अँकोव्हीत साधारण २९ ग्रॅम प्रथिनं, २३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व आणि हृदयाला चांगली अशी चरबी असते. आणि मीठ? ९ ग्रॅमच्या वर!

आता १०० ग्रॅम कुणी एका जेवणात खात नाही. २० ग्रॅम धरू. २० ग्रॅममध्ये जवळजवळ ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे एका अंड्याएवढी. लोह सुमारे १ मिलिग्रॅम. पण मीठही जवळजवळ २ ग्रॅम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. त्यात लोणचं, पापड, डाळ, भाजी सगळं आलं.

सुक्या मांदेलीचे आकडे किती सुकवली आणि किती मीठ लावलं यावर बदलतात. पण तीन गोष्टी पक्क्या आहेत.

१. ताज्या मासळीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. सुकताना ते उडून जातं, म्हणून थोड्या वजनात भरपूर प्रथिनं मिळतात.

२. मांदेलीचा काटा बारीक असतो. चुरचुरीत भाजली की काट्यासकट चावून खाता येते. कॅल्शियम त्या काट्यात आहे. मोठ्या मासळीचा काटा आपण ताटाबाहेर काढतो, तेव्हा कॅल्शियमही बाहेर काढतो.

३. मीठ लावून सुकवलेली असेल, तर मीठ मोजूनच खायला हवं. बिनमिठाची मिळाली तर तीच घ्या.

मीठ रश्श्यात, पोषण मासळीत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मासळी शिजताना मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून रस्सा खारट आणि चविष्ट होतो. पण प्रथिनांचा मोठा भाग मासळीतच राहतो. काट्यातलं कॅल्शियमही रश्श्यात फारच थोडं उतरतं. म्हणजे ज्या ताटात नुसता रस्सा पडतो, त्या ताटात चव आणि मीठ जातं, पोषण नाही.

एका बैठकीत मी विचारलं, “काल मांदेली झाली, तुमच्या वाट्याला किती आली?” एक ताई हसत म्हणाल्या, “अगं, आम्ही बसतो तेव्हा टोपात रस्साच उरलेला असतो. त्यात भाकरी बुडवायची, झालं.” बाकीच्याही हसल्या. म्हणजे सगळ्यांच्या घरी तेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. दोघी बसल्या असतील तर त्यातल्या एकीला, असं समजा. आपल्या वयाच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला कॅल्शियम आणखी जास्त, १२०० मिलिग्रॅम. आणि तीच सगळ्यात शेवटी जेवायला बसते!

यात कुणा एकाला दोष द्यायचा नाही. वाढणारी आपणच असतो. पोराला दोन जास्त, सासऱ्यांना दोन जास्त, आणि आपल्याला ‘चालेल गं’. हे ‘चालेल’ वर्षानुवर्षं चाललं की धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कंबर धरते. मग कामावरचा खाडा पडतो आणि डॉक्टरचा खर्च वेगळा.

हेही स्पष्ट सांगते, मांदेली म्हणजे औषध नाही. वर पाहिलं तसं एका वाट्यातून लोह थोडंच मिळतं. पण मासळीतलं लोह अंगी चांगलं लागतं, आणि ती भाकरी-भातातलं, भाजीतलं लोहसुद्धा अंगी लागायला मदत करते. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या मांदेली खाल्ली म्हणून बंद करू नका. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं समजतात.

स्वयंपाकघरात काय करायचं

*भिजवणं :* खारी मांदेली असेल तर डोकी मोडून, कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. हातात घेऊन हलकी पिळा. बरंचसं मीठ आणि वाळू इथेच निघून जाते.

*मांदेली-वांग्याचं कालवण (५ माणसांसाठी) :* सुकी मांदेली १०० ग्रॅम, वांगी २, कांदा १, लसूण ६ पाकळ्या, लहान कैरी १, तेल २ चमचे, हळद, घरचा मसाला २ चमचे. तेलात ठेचलेली लसूण आणि कांदा परता. हळद, मसाला, वांग्याच्या फोडी घालून पाणी ओता. वांगं अर्धं शिजलं की मांदेली आणि कैरी टाका आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. मीठ आधी घालू नका. शेवटी चाखून बघा, बहुतेक वेळा लागतच नाही. कैरीचा मोसम गेला की ताटात वरून लिंबू पिळा. कैरी-लिंबातल्या सी जीवनसत्त्वामुळे लोह जास्त अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अडतं. तासभर थांबा.

*मांदेलीची चटणी :* मांदेली तव्यावर मंद आचेवर खरपूस भाजा. चुरून त्यात भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची घालून कुटा. तांदळाच्या किंवा नाचणीच्या भाकरीबरोबर एक चमचा पुरे. काटा कुटला गेल्यामुळे दात नसलेल्या आजीलाही खाता येते.

*मुलांसाठी पूड :* बिनमिठाची मांदेली भाजून मिक्सरमध्ये बारीक करा आणि चाळणीने चाळा, म्हणजे काट्याचं टोक राहणार नाही. वरणात किंवा खिचडीत अर्धा चमचा घाला. पहिल्यांदा अगदी चिमूटभर देऊन बघा. अंगावर पुरळ आलं किंवा उलटी झाली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतल्या बाळाला खारी मासळी अजिबात नको.

ज्यांना बीपीचा किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी खारी मासळी डॉक्टरांना विचारूनच खावी. आणि ज्या दिवशी सुकी मासळी, त्या दिवशी पापड-लोणचं नको, हा नियम सगळ्यांनीच करा.

माळकरी ताईंनी आणि वार पाळणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ आणि शेवग्याचा पाला आहे. बी-१२ साठी दूध-दही घ्या. वाट्याचा प्रश्न मात्र तुमच्याही घरात तोच आहे. मासळीऐवजी दह्याची वाटी बघा, ती कुणापुढे जाते!

घेताना आणि ठेवताना

- चांगली मांदेली सोनेरी-चंदेरी दिसते आणि मोडली की कटकन आवाज येतो. वाकत असेल तर ओल आहे.
- बुरशी, गुलाबी-लाल डाग किंवा सडका वास असेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सुकवण्याआधी मासळी उन्हात पडून खराब झाली असेल, तर तिच्यात तयार झालेला विषारी अंश उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं.
- घरी आणून एक कडक ऊन द्या. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. पावसात उघडीप मिळाली की पुन्हा ऊन दाखवा.
- किडे-माश्या लागू नयेत म्हणून कुणी पावडर किंवा औषध मारायला सांगितलं, तर ठाम नाही म्हणा. ते पोटात जातं.

ज्या गटांना विक्री करायची आहे त्यांनी वाळूवर न सुकवता जमिनीपासून उंच बांबूच्या मांडवावर जाळी टाकून सुकवावी. वाळू लागत नाही, कुत्री-कोंबड्या पोहोचत नाहीत, वारा खालून-वरून लागतो आणि भावही चांगला मागता येतो. ताजी किती किलो घेतली आणि सुकून किती उरली हे प्रत्येक वेळी वहीत लिहा. साधारण तीन-चार किलोची एक किलो होते. हा हिशोब धरला नाही तर विक्री होऊनही गट तोट्यात जातो. पाकिटावर वजन, तारीख आणि खाद्य परवाना-नोंदणीचा क्रमांक टाकायला विसरू नका.

पुढच्या बैठकीसाठी

बाजारात कोळीण मांदेलीचे वाटे लावते तेव्हा आपण डोळ्यात तेल घालून बघतो, शेजारचा वाटा मोठा तर नाही ना! घरात मात्र आपला वाटा आपण कधी बघतच नाही. म्हणून या महिन्याचा गृहपाठ असा :

१. एक आठवडा वहीत लिहा. मासळी, अंडं, डाळ किंवा दही, जे असेल ते घरात कुणाच्या ताटात किती गेलं आणि तुमच्या ताटात किती गेलं.

२. मांदेलीचं कालवण झालं की आधी मोजा, मग वाढा. पाच माणसं आणि तीस मांदेल्या असतील तर प्रत्येकाला सहा. तुमच्या सहा आधीच वाटीत काढून झाकून ठेवा. उशिरा जेवलात तरी त्या तुमच्याच.

३. घरात कुणी विचारलं, “हे काय नवीन?” तर हा पाठ मोठ्याने वाचून दाखवा. नवऱ्याला, सासूबाईंना, पोरांना सगळ्यांना.

४. बैठकीत प्रत्येकीने एक वाक्य सांगायचं : “या आठवड्यात माझ्या वाट्याला किती आलं?” सीआरपी ताईंनी उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवावीत. तीन महिन्यांनी पुन्हा विचारू आणि आकडा किती बदलला ते बघू.

बचत गटात आपण दर महिन्याला पैसे बाजूला काढायला शिकलो. सुरुवातीला तेही जमत नव्हतं. आता सहा मांदेल्या बाजूला काढून बघा.