पीआर कायमची, मग व्हिसावर तारीख कसली?

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला असते. तिला ऑस्ट्रेलियाची पीआर मिळून पुढच्या महिन्यात ५ वर्षं होतील, आणि व्हिसाच्या पत्रात नेमकी तीच तारीख आहे. पीआर कायमची ना? मग ती गणपतीला पुण्याला आली, तर परत जाता येईल का?

उत्तर : पीआर कायमचीच आहे, घोर लावून घेऊ नका. गोंधळ होतो तो एका व्हिसात दोन परवानग्या असल्यामुळे. एक तिथे राहण्याची. तिला मुदत नाही. दुसरी बाहेर जाऊन परत येण्याची. ती साधारण ५ वर्षांची, आणि पत्रातली तारीख तिची. मुलगी मेलबर्नमध्येच राहिली, तर तारीख उलटूनही नोकरी-घराला धक्का नाही.

तारीख उलटल्यावर ती पुण्यात असली, तर मात्र अडचण. विमान कंपनी चेक-इनलाच व्हिसा तपासते आणि परतीची परवानगी नसेल तर विमानात बसू देत नाही. हल्ली पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर नसतं, सगळी नोंद संगणकात. म्हणून तारीख लक्षातून जाते.

यासाठी 'रेसिडेंट रिटर्न व्हिसा' असतो, उपवर्ग १५५. त्यासाठी पुन्हा गुण मोजत नाहीत, इंग्रजीची परीक्षाही घेत नाहीत. मोजतात ते दिवस. मागच्या ५ वर्षांत पीआरवर एकूण २ वर्षं, म्हणजे ७३० दिवस, ती तिथे राहिलेली हवी. ते सलग नसले तरी चालतात. विद्यार्थी व्हिसावरचे दिवस मात्र धरत नाहीत. पुष्कळांची बेरीज इथेच चुकते. दिवस भरले, तर पुन्हा ५ वर्षांची मुभा. कमी पडले, तर नोकरी, व्यवसाय, कुटुंब असे तिथले भक्कम संबंध दाखवावे लागतात, आणि मुदत सहसा वर्षभराचीच मिळते.

नवी ५ वर्षं मंजुरीच्या दिवसापासून धरतात, जुनी शिल्लक त्यात मिळवत नाहीत. त्यामुळे फार आधी अर्ज करण्यात तोटाच.

नागरिकत्व घेतलं की हा व्हिसा लागत नाही, कारण प्रवास ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर होतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. आपला पासपोर्ट सोडायला ज्यांचं मन होत नाही, त्यांना दर काही वर्षांनी हा अर्ज करावाच लागतो.

तुमच्या मुलीची तारीख गणपतीच्या आधीच संपते आहे. तिने मेलबर्नमधूनच अर्ज करावा आणि मंजुरी हाती आल्यावर निघावं. अर्ज भारतातूनही करता येतो, पण उत्तर येईपर्यंत तिला इथेच अडकून पडावं लागेल.