तंबू कुठे ठोकावा?

एक्स्टर्नल संपली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच विषय चालतात. एक म्हणजे मेसमधली डाळ आणि दुसरा म्हणजे ‘आता कुठे जायचं?’ डाळीवर लिहू नये अशी संपादकांची सूचना आहे, म्हणून दुसऱ्या विषयावर लिहितो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण वर्गणी काढून आणलेला तंबू घेऊन कुडाळहून भोगव्याला गेलो. संध्याकाळी पाचला पोचलो तेव्हा समोर ही एवढी मोठी, सपाट, ओलसर पुळण! पलीकडे कर्ली खाडीचं तोंड, देवबागचं टोक आणि सूर्य मावळायला टेकलेला. जागा निवडायला आम्हाला दोन मिनिटं लागली. जिथून फोटो सगळ्यात छान येईल तिथे तंबू उभा केला. जाळी सुकवत बसलेल्या एका आजोबांनी हाक मारून सांगितलं, ‘‘झिलांनो, हय तंबू घालू नकात. रात्री पाणी येतला.’’ आम्ही मान डोलावली आणि मॅगी करायला घेतली. पाणी तर पन्नास पावलं लांब होतं!

रात्री साडेदहाच्या सुमारास पाणी आलं. आधी चपला गेल्या, मग स्टोव्ह, आणि मग आम्ही गुडघाभर पाण्यात तंबू डोक्यावर धरून माडांकडे पळत होतो. त्या दिवशी पौर्णिमा होती. चार सेमिस्टर इंजिनिअरिंग शिकलेल्या पाच जणांपैकी एकालाही ही गोष्ट महत्त्वाची वाटली नव्हती. पुढे जे लिहिलं आहे ते त्या रात्रीनंतर विचारून, वाचून आणि पुन्हा जाऊन शिकलेलं आहे.

पहिला धडा अर्थातच भरतीचा. किनाऱ्यावरच्या लोकांकडे एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, तर दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. (शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.) भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं, म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचला पूर्ण ओहोटी. आम्ही पोचलो ती वेळ! ती मोठी सपाट पुळण दिसली ती समुद्र मागे गेला होता म्हणूनच. याच्या मागे गणित साधं आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हे त्याचं तोंडी हिशेबासाठी केलेलं राउंडिंग. काही मिनिटं इकडेतिकडे होतात, पण तंबूसाठी एवढी अॅक्युरसी पुरे.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, आपल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण पुळण जवळजवळ सपाट असेल तर दोन मीटरसुद्धा खूप झाले. उतार पन्नासास एक धरला तर पाणी शंभर मीटर आत येतं. आमची पन्नास पावलं त्यात आरामात गेली.

तिथी माहीत नसेल तर वाळू वाचता येते. वाळलेलं शेवाळ, सोडणं, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची एक रेघ किनाऱ्याला समांतर दिसते, ती आजच्या भरतीची. तिच्याही वर आणखी एक जुनी, वाळून गेलेली रेघ असते, ती उधाणाची. आणि त्याच्या वर जांभळ्या फुलांचा वेल वाळूवर पसरलेला दिसतो. त्याचं मराठी नाव मर्यादवेल. नाव ठेवणाऱ्याला माझा सलाम! समुद्राची मर्यादा कुठे संपते ते हा वेल सांगतो. तंबू त्याच्या वरच्या बाजूला लावायचा, पण वेलावर नाही, कारण वाळू धरून ठेवण्याचं काम तोच करतो.

मग वर सरकलं की येतात माड. माडाखाली तंबू म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. पण जरा फिजिक्स बघू. सोडणासकट नारळाचं वजन दीड किलो आणि उंची १५ मीटर धरली तर खाली येताना वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वर. एनर्जी साधारण २२० ज्यूल. हेल्मेट घालून झोपायची तयारी असेल तर खुशाल झोपा. सुरूच्या बनात हा धोका नाही, सावलीही छान मिळते, पण खाली सुयांसारख्या वाळलेल्या पानांचा थर असतो आणि तो कागदासारखा पेटतो. तिथे चूल किंवा कॅम्पफायर अजिबात नको. दोन माडांच्या मधली मोकळी जागा, जिथे झावळ आणि नारळ दोन्ही पोचत नाहीत, ती मला सगळ्यात पसंत आहे. झाडाच्या जवळपास दंवही कमी पडतं. उघड्या आकाशाखाली जमीन रात्री आपली उष्णता सरळ वर फेकते आणि थंड होते, वर फांद्या असल्या की ती थोडीफार अडते. पहाटे ओला तंबू गुंडाळणाऱ्याला याचं महत्त्व कळेल.

वारा दुपारी समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो, हे शाळेत शिकलेलं आपण सगळे विसरलो आहोत. संध्याकाळी वारा बघून तंबूची पाठ समुद्राकडे केली तर पहाटेचा गार वारा थेट दारातून आत येतो. सिव्हिलवाल्यांना वाऱ्याच्या दाबाचं सूत्र पाठ असेलच, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. आपल्या तंबूची एक बाजू अडीच चौरस मीटर धरा. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात १५० न्यूटन, म्हणजे १५ किलो. शेप फॅक्टर वगैरे सोडून देऊ. वेग दुप्पट झाला तर ६० किलो, म्हणजे फर्स्ट इयरचा एक अख्खा मुलगा तंबूला लटकल्यासारखं. तंबूसोबत येणारे ते बारीक खुंटे कोरड्या वाळूत याच्या पाव भागालाही धरत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे रिकाम्या पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी दीड-दोन फूट खोल आडवी पुरायची. दहा लिटरची पिशवी सोळा किलोच्या आसपास भरते आणि वरच्या वाळूचं वजन वेगळं. आम्ही चार पिशव्या पुरल्या आणि मग दोघांनी ओढून पाहिलं, हलली नाही.

थंडीचा सीझन आहे म्हणून वादळ येणार नाही असं मात्र समजू नका. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं. तौक्तेने मे २०२१ मध्ये मालवणच्या किनाऱ्याचं काय केलं ते तर इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. निघायच्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघायला पाच मिनिटं लागतात.

समुद्र नको असेल तर सडा आहे. जांभ्याचा उघडा माळ, वर पूर्ण आकाश आणि लांबवर समुद्राची रेघ. देखावा म्हणाल तर माझ्या मते किनाऱ्यापेक्षाही सरस. पण इथे खुंटा जातच नाही, हातोडा वाकतो. मग आपण काय करतो? दोरीला बांधायला दगड उचलतो. आणि सड्यावर दगडाखाली कोण राहतं, तर फुरसं. हातभरसुद्धा लांब नसतं, रंग मातीचा, आणि विष रक्ताची गोठण्याची शक्तीच बिघडवणारं. म्हणून दगड आधी लांब काठीने उलटायचा, मग हात लावायचा. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही, बूट झटकून घालायचे. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं हे सगळं फक्त सिनेमात. हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, प्रतिसर्पविष तिथे मिळतं. म्हणजे जागा निवडताना ‘इथून गाडी रस्त्याला किती वेळात लागेल?’ हा प्रश्न सूर्यास्त कुठून दिसेल याच्या आधी येतो.

सड्यावर आणखी एक गोष्ट जपायची. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत आणि २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, त्यांत कुडोपी आहे. अशा कातळावर शेकोटी पेटवली तर दगड तडकतो. पायाखाली रेघा दिसल्या तर तंबू उचला.

नदीकाठ आणि तलाव यांबद्दल थोडक्यात. भंगसाळच्या काठी वाळूचे सुंदर पट्टे आहेत, पण मगरी दिसल्याचं लोक सांगतात, तेव्हा मी तिथे झोपणार नाही. धामापूरचा तलाव तर आपल्या अगदी हाताशी. १५३० साली बांधला असं मानतात, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, काठावर भगवतीचं देऊळ. बांधावर तंबू टाकायचा नाही हे सांगायला नको. खोलगट जागी पहाटे थंड हवा साचते, म्हणून पाण्याच्या अगदी कडेपेक्षा थोडी वरची जागा बरी. डासही कमी. आंबोली ६९० मीटरवर, म्हणजे कुडाळपेक्षा चार-साडेचार अंश गार. तिथे मात्र वनखात्याला न विचारता जंगलात शिरू नका.

जंगलाबद्दल एक गोष्ट जी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे बांद्याच्या बाजूला माकडतापाचे रोगी सापडले. हा ताप गोचिडीमुळे पसरतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला तंबूचा सीझन. त्या भागात पाचोळ्यावर तंबू लावणं, मेलेल्या माकडाजवळ जाणं टाळायचं. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे झोपला होतात तेही सांगायचं.

आता पोहण्याचं. हे लिहिताना मस्करी करावीशी वाटत नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. आपल्यासारखीच सहल, आपल्याच वयाची मुलं. समुद्रात दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधला एक पट्टा शांत दिसतो, तो पोहायला सोपा वाटतो. खरं तर किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत आत जात असतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे जोर मारू नये, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावं. आम्ही आता जागा ठरवताना तिथल्या मच्छीमाराला विचारतो की तुमची मुलं इथे पोहतात का? ‘नाय’ असं उत्तर आलं तर आम्ही फक्त पाय भिजवतो.

विचारण्यावरून आठवलं, किनारा रिकामा दिसतो पण तो कोणाचा तरी असतो. माडाची बाग कोणाची तरी, पुळणीचा पट्टा रापणीचा. पहाटे रापण ओढायला वीस-पंचवीस माणसं येतात, त्यांना दोरखंड घेऊन मागे मागे चालायला मोकळी जागा लागते आणि तिथे आपण तंबूत घोरत असलो तर त्यांच्या शिव्या योग्यच आहेत. (रापण ओढू लागलात तर वाट्याला चार बांगडे मिळतात, हा अनुभव.) थंडीत रात्री कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, त्यांना तो उजेड समुद्राचा वाटतो. तुमचा एलईडी दिवा त्यांना माडात घेऊन जाईल. वाळूत कुंपण घातलेलं घरटं दिसलं तर तिथून लांब.

सगळ्यात सोपं म्हणजे एखाद्या घरी जाऊन ‘काका, तुमच्या खळ्यात तंबू लावू का?’ असं विचारणं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाले. विहिरीचं पाणी, संडास आणि सकाळी घावणे. पैसे घेत नव्हते, आम्ही काकूंच्या हातात ठेवले.

कॅराव्हॅनचं स्वप्न पाहणाऱ्या ऑटोमोबाइल ग्रुपसाठी दोन ओळी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पण भोगवे-निवतीकडचे रस्ते बघा, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि समोरून एसटी! वळायला जागा आहे का ते आधी स्कूटरवर जाऊन पाहून या. वाळूत गाडी घालू नका. जांभ्यावर ती हलणार नाही.

आमचा तंबू सध्या वरच्या मजल्यावर, आमच्या रूमच्या माळ्यावर आहे. चेन एका बाजूने अडकते, मेणबत्ती घासली की चालते. हवा असेल त्याने घेऊन जावा, पण वाळू झटकून परत करावा. पुढच्या अष्टमीला मात्र मागू नका, आम्ही पुन्हा भोगव्याला जाणार आहोत. त्या आजोबांना स्टोव्ह सापडला का ते विचारायचं आहे.